कातड्यात मुरतं, तेलात मुरतं

कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कमावतात. त्यातलं टॅनिन आत मुरायला दिवसच्या दिवस लागतात. जाडी दुप्पट, तर वेळ साधारण चौपट. हा हिशेब शास्त्रज्ञ अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ साली मांडलेल्या विसरणाच्या, म्हणजे एका पदार्थात दुसरा हळूहळू पसरत जाण्याच्या, नियमांतून निघतो. कितपत मुरलं? कड कापून पाहायची. मधे फिकट पट्टा दिसला, तर कातडं कच्चं.

तेलातही मुरण्याचा हाच प्रश्न येतो. कॅनडातल्या अल्बर्टात वाळूत अडकलेलं डांबरासारखं तेल पातळ करायला प्रोपेनसारखे द्रावक वापरून पाहतात. द्रावक तेलात किती मुरला, हे तिथे कापून कळत नाही. बंद भांड्यात तेलावर द्रावकाचा वायू कोंडून दाब किती उतरतो ते मोजतात, किंवा सीटी स्कॅन काढतात. गोम अशी, की तेल पातळ होईल तसा द्रावक मुरण्याचा वेगही वाढतो. म्हणून विसरणाच्या वेगाचा एकच आकडा धरून चालणं मला तरी धाडसाचं वाटतं.