बीटलचा सायलेन्सर बदलताना

फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या बंपरखाली वाकून पाहिलं, तर एक आडवा डबा आणि त्यातून बाहेर आलेल्या दोन बारीक नळ्या दिसतात. हा डबा गंजून फुटला किंवा त्याच्या आवाजात दम नाही असं वाटू लागलं, की आपण बाजारातला दुसरा सायलेन्सर शोधायला लागतो. फोटो आवडतो, व्हिडिओतला आवाज आवडतो आणि ऑर्डर जाते. घोटाळ्याची सुरुवात इथेच होते. बीटल ही एअर-कूल्ड गाडी आहे, म्हणजे तिचं इंजिन पाण्याऐवजी पंख्याच्या वाऱ्याने थंड राहतं. अशा गाडीत सायलेन्सर आणि त्याला जोडलेले भाग काचेवरची वाफ घालवतात, कार्ब्युरेटरखालची नळी कोमट ठेवतात आणि गरम हवा इंजिनच्या खोलीत परत येऊ न देणाऱ्या पत्र्यांशी जुळून बसतात. नवा सायलेन्सर ही कामं करू शकेल का, हे आधी पाहावं. आवाजाचा विचार त्यानंतर.

पहिल्यांदा मूळ रचना समजून घेऊ. बीटलचं इंजिन मागे असतं आणि त्याचे चार सिलिंडर आडवे असतात, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. मागच्या दोन सिलिंडरांचा धूर थेट सायलेन्सरच्या डब्यात जातो. पुढच्या दोघांचा धूर मात्र आधी हीट एक्स्चेंजरमधून जातो. हीट एक्स्चेंजर म्हणजे धुराच्या पाईपभोवती पत्र्याचं आवरण. पाईप आणि आवरण यांच्यामधून पंख्याची स्वच्छ हवा फिरते, तापते आणि गाडीत येते. ही रचना १९६३च्या मॉडेलपासूनची. त्याआधीच्या गाड्यांत सिलिंडरवरून गेलेली हवाच आत सोडली जाई, म्हणून त्यांचे भाग वेगळे आहेत.

यानंतर आपलं इंजिन ओळखायचं. गाडीचं साल सांगून सायलेन्सर मागवू नये. आपल्याकडच्या जुन्या बीटलमध्ये इंजिन कधीतरी बदललेलं असण्याची शक्यता मोठी असते; गाडी १९६२ची आणि इंजिन १९७०चं, असं सहज आढळतं. इंजिनचा नंबर डायनॅमोच्या स्टँडखाली, क्रँककेसवर कोरलेला असतो. तिथला मळ रॉकेलच्या फडक्याने पुसून वाचावा. साधारण १९६५नंतरच्या इंजिनांवर नंबराआधी अक्षर असतं: डी म्हणजे १२०० सीसी, एफ म्हणजे १३००, एच म्हणजे १५००. हे महत्त्वाचं अशासाठी, की १२००चं इंजिन १३०० ते १६००च्या इंजिनांपेक्षा रुंदीला कमी आहे. एकाचा सायलेन्सर दुसऱ्याला बसत नाही. काही मिलिमीटरांचाच फरक असतो, म्हणून गॅरेजमध्ये तो ओढून-ताणून बसवला जातो आणि पुढे सिलिंडर हेडचे स्टड, म्हणजे सायलेन्सर धरून ठेवणारे आटेदार दांडे, जातात.

आता प्रकार निवडायचा. मूळ धाटणीचा डबा हा पहिला. दोन टेलपाईप असलेला हा डबा १९५५च्या ऑगस्टपासून बीटलवर आला आणि त्या ओळखीच्या शिट्टीसारख्या आवाजाचं श्रेय त्याच्या टेलपाईपांच्या आतल्या बांधणीला आहे. दुसरा प्रकार मूळच्यासारखाच बसणारा, पण आतून मोकळा आणि बहुधा स्टेनलेस स्टीलचा. तिसरा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे चारही सिलिंडरांचे पाईप वेगवेगळे आणून एका तोंडाशी मिळवणारा. पुढे त्याला छोटा सायलेन्सर जोडतात. चौथा स्टिंगर. तो जवळपास नुसता उघडा नळा असतो, शर्यतीच्या मैदानासाठी केलेला. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी त्याचा विचारही करू नये.

एक्स्ट्रॅक्टरचं कौतुक फार होतं, म्हणून तो काय करतो ते नीट पाहू. बीटलचे सिलिंडर १-४-३-२ या क्रमाने पेटतात. यातले १ आणि २ उजवीकडे, ३ आणि ४ डावीकडे. म्हणजे धुराचे झटके उजवा, डावा, डावा, उजवा असे येतात. दोन्ही बाजूंना स्वतंत्र सायलेन्सर लावले, तर एकाच बाजूला दोन झटके लागोपाठ पडतात, मग ती बाजू थांबते. आवाज अडखळता येतो आणि प्रवाहही एकसारखा राहत नाही. चारही पाईप एकत्र आणले की क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक झटका, असा समान ताल मिळतो. पाईपांची लांबी सारखी असेल तर एका झटक्यामागे तयार होणारा कमी दाब पुढच्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घ्यायला मदत करतो. मात्र स्वस्त एक्स्ट्रॅक्टरमध्ये लांबी सारखी असतेच असं नाही. विकत घेण्याआधी दोरीने मोजून पाहावी.

याचा फायदा किती? इंजिन मूळ अवस्थेत असेल, एकच लहान कार्ब्युरेटर असेल, तर फारच थोडा. तिथे इंजिनाचा श्वास आत घेतानाच अडतो. बाहेरची वाट कितीही रुंद केली तरी आत हवा तेवढीच येणार. दोन कार्ब्युरेटर, मोठे सिलिंडर, वेगळा कॅमशाफ्ट असं काम केलेल्या इंजिनाला मात्र एक्स्ट्रॅक्टर खरोखर हवा असतो.

पाईपच्या व्यासाबद्दल एक समज घट्ट बसला आहे: जाड पाईप म्हणजे जास्त ताकद. बागेतल्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात उडतं, तसा धुराला वेग राहावा लागतो. गरजेपेक्षा जाड पाईपमध्ये तो वेग पडतो आणि कमी आरपीएमवरचा, म्हणजे शहरातल्या गर्दीत किंवा घाट चढताना लागणारा, पिकअप जातो. साध्या १६०० सीसीपर्यंतच्या इंजिनाला १ ३/८ इंची, म्हणजे सुमारे ३५ मिलिमीटरचा पाईप पुरतो. १७७६ सीसी किंवा त्यापुढच्या इंजिनांसाठी १ १/२ इंची पाहतात. १ ५/८ इंची हा त्याहून मोठ्या आणि जोरात फिरणाऱ्या इंजिनांचा विषय.

सगळ्यात मोठी चूक पुढच्या पायरीवर होते. एक्स्ट्रॅक्टरबरोबर बऱ्याचदा जे-पाईप विकले जातात. हे पाईप इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचे असतात आणि हीट एक्स्चेंजरच्या जागी बसतात. मुंबई-पुण्यात हिटर कशाला हवा, असं म्हणून ते लावले जातात. पण बीटलमध्ये काचेवरची वाफ घालवणारी गरम हवासुद्धा हीट एक्स्चेंजरमधूनच येते. भर पावसात ताम्हिणी किंवा खंडाळ्याच्या घाटात समोरची काच आतून धुरकट झाली, की त्या हवेची किंमत कळते. माझं मत स्पष्ट आहे: गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर हीट एक्स्चेंजर ठेवावेत.

तरीही जे-पाईपच लावायचे ठरवलं, तर पंख्याच्या आवरणाला हिटरच्या नळ्यांसाठी असलेली दोन तोंडं बंद करायला विसरू नये. ती उघडी राहिली तर सिलिंडर थंड करायला हवी असलेली हवा वाया जाते आणि इंजिन तापतं. गाडी तापते म्हणून ऑइल बदललं जातं, टायमिंग बदललं जातं आणि या दोन भोकांकडे कोणाचं लक्षच जात नाही.

हीट एक्स्चेंजर नवे घेताना आत डोकावून पाहावं. मूळच्या भागांत पाईपभोवती उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या भरपूर चकत्या असतात. काही स्वस्त नकलांत त्या अगदी मोजक्याच असतात. बाहेरून फरक कळत नाही, हवा मात्र कोमटच येते. जुनेच ठेवणार असाल तर ते गंजून आरपार झालेले नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी. आतला पाईप फुटला तर धूर हिटरच्या हवेत मिसळून गाडीत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि तो जीव घेऊ शकतो. हिटर चालू केल्यावर डोकं जड झालं किंवा धुराचा वास आला, तर काचा उघडून गाडी थांबवावी. दुरुस्ती होईपर्यंत हिटर बंद ठेवावा.

आता एका बारीक नळीकडे वळू. कार्ब्युरेटरखाली इंटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळीच्या, बाजूने हीट रायझर नावाची नळी जाते. तिची दोन्ही टोकं मागच्या सिलिंडरांच्या जोडाशी सायलेन्सरला बोल्टने बसतात आणि तिच्यातून थोडा गरम धूर वाहतो. पेट्रोलची वाफ होताना मॅनिफोल्ड गार पडतो. दमट हवेत त्यावर पाणी आणि कधी बर्फही जमतो, मग इंजिन अडखळतं. ही नळी ते टाळते. एक्स्ट्रॅक्टर घेताना त्याला या नळीसाठी दोन्ही बाजूंना फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची चपटी कडी, आहे का आणि मुख्य म्हणजे तिच्यात आरपार भोक आहे का, हे पाहावं. भोक बंद किंवा अगदी बारीक निघण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. नळीत काजळी साचून ती बुजलेली असेल, तर नव्या सायलेन्सरचाही उपयोग नाही. आधी ती मोकळी करून घ्यावी.

धातूचा प्रश्न हवामानाशी बांधलेला आहे. रंग दिलेलं साधं पोलाद सर्वांत स्वस्त, पण कोकणपट्टीच्या खाऱ्या, ओल्या हवेत ते लवकर जातं. थोड्या अंतराच्या फेऱ्याही त्याला मारक, कारण धुरातलं पाणी आतच साचून राहतं. स्टेनलेस स्टील टिकतं. मात्र तापल्यावर ते साध्या पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे ताणून बसवलं तर वेल्डिंगपाशी चिरा जातात. पाईपांना कापडी पट्टी गुंडाळायची पद्धत आहे. पावसाळी मुलखात ती टाळावी; पट्टी ओल धरून ठेवते आणि आतला पाईप गंजतो.

गाडीखालची जागा मोजायला विसरू नका. बरेच एक्स्ट्रॅक्टर मूळ डब्यापेक्षा खाली लोंबतात आणि आपल्याकडचे गतिरोधक कुठल्याच मापात बसत नाहीत. मागच्या पत्र्यातल्या खाचा मूळ टेलपाईपांच्या जागेप्रमाणे आहेत. दुसऱ्या आकाराचा सायलेन्सर घेऊन तो पत्रा कापावा लागणार असेल, तर तो सायलेन्सर घेऊ नये.

बसवण्याच्या आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचं असतं. गंजलेला नट जबरदस्तीने फिरवला तर स्टड आट्यांसकट बाहेर येतो आणि हेड उतरवून नवे आटे पाडायची वेळ येते. गॅस्केट नेहमी नवी. नवा सायलेन्सर आधी सगळ्या जोडांवर सैल बसवून पाहावा. तो हाताने, जोर न लावता जागेवर आला पाहिजे. मगच सगळे नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळत न्यावेत. एक बाजू पूर्ण आवळून दुसरी ओढून आणणं, हे गळतीचं सर्वांत मोठं कारण आहे. काढलेले पत्रे आणि रबरी पट्ट्या सगळ्या परत लावाव्यात. सायलेन्सरवरचा पत्रा नव्या पाईपांच्या आड येतो म्हणून फेकून देतात. मग खालची गरम हवा पंखाच परत आत ओढतो.

इंजिन थंड असताना सुरू करून, जाड हातमोजा घालून टेलपाईपच्या तोंडावर ओल्या फडक्याची घडी क्षणभर धरावी. जोडातून फुसफुस ऐकू आली तर तिथे गळती आहे. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलल्यावर मागून फटफट आवाज येणं हेही बहुधा जोडातून हवा आत शिरत असल्याचं लक्षण असतं. शंभरेक किलोमीटर चालल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, सगळे नट पुन्हा तपासावेत.

मोकळ्या सायलेन्सरमुळे मिश्रण पातळ होऊ शकतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पातळ मिश्रण जास्त तापतं आणि एअर-कूल्ड इंजिनाला ते सोसत नाही. स्पार्क प्लग काढून पाहावेत: टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढुरकं असेल तर कार्ब्युरेटरचा मेन जेट एक माप मोठा लावावा.

कायद्याची बाजू ऑर्डर देण्याआधीच तपासावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)प्रमाणे आवाजाची किंवा धुराची मर्यादा ओलांडणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१पासून असलेली व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे.

साध्या इंजिनाची, रोज नाही तरी रस्त्यावर निघणारी बीटल असेल, तर मूळ धाटणीचा चांगल्या बनावटीचा डबा आणि भरपूर चकत्यांचे हीट एक्स्चेंजर हीच निवड योग्य. आणि काही वेगळं बसवलंत, तरी काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नका. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवा. नोंदणीच्या किंवा गाडी विकण्याच्या वेळी ते लागतील.