रुपयाएवढी ओढ, राज्याएवढी तार

दहावीच्या वर्गातली दोन मुलं एका बाकावर बसली आहेत. दोघंही ५०-५० किलोंची, मध्ये मीटरभर अंतर. न्यूटनच्या हिशेबाने ती एकमेकांना ओढतायत. किती जोराने? खसखशीचा एक दाणा घ्या, त्याचे पंधरा-वीस तुकडे करा (जमले तर!) आणि त्यातला एक तळहातावर ठेवा. त्याचं जे वजन, तेवढ्या जोराने. मुलं सरकत का नाहीत? बाकाचं घर्षण आहे ना! ५० किलोंच्या मुलाला बाकावरून घसरवायला वीसेक किलोंचा जोर लागतो. म्हणजे या कुस्तीत घर्षण जिंकतं, आणि जिंकतं ते १०० कोटी पटींनी.

ओढ इतकी किरकोळ असूनही लंडनच्या हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ साली शिशाचे गोळे टांगून ती मोजलीच. माणसाच्या चिकाटीचं प्रमाणपत्र हवं असेल तर हे घ्या.

मुलं लहान पडली म्हणून वजन वाढवू. शेजारच्या रुळांवर बारा डब्यांच्या दोन रिकाम्या लोकल उभ्या करा. एकेक लोकल ५०० टनांच्या घरातली. पाच लाख किलो इकडे, पाच लाख किलो तिकडे, मध्ये पाचेक मीटर. आता तरी काही दणदणीत आकडा येईल? येतो तीन ग्रॅमच्या आसपास. एक रुपयाचं नाणं! दोन अख्ख्या लोकल एकमेकींना ओढणार एका रुपयाच्या वजनाने.

लोकल समोर आलीच आहे तर सोडायला नको. गर्दीच्या वेळी तीत पाच हजार माणसं कोंबली की गाडी आणि माणसं मिळून ८०० टन होतात. हे सगळं पेलतात ९६ चाकं. आणि चाक रुळाला टेकतं किती जागेत? जेमतेम एक चौरस सेंटिमीटर, करंगळीच्या नखाएवढं. ९६ नखं जोडा: तुमच्या तळहाताएवढी जागा झाली. पाच हजार माणसं, त्यांचे डबे, दप्तरं, दारात लोंबकळणारे, सगळ्यांसकट ती गाडी एका तळहातावर उभी आहे! एकेका नखावर आठ टन, म्हणजे दोन दांडगे हत्ती.

लोखंडावर लोखंड, त्यामुळे घर्षणही कंजूष. सपाट रुळावर ही गाडी सावकाश सरकती ठेवायला टन-दीड टनाचा जोर पुरतो. ८०० टनांच्या गाडीला एका मोटारीच्या वजनाएवढा रेटा! हीच गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवायची म्हटलं की मात्र मामला गरम होतो. तिच्या अंगात त्या वेळी सुमारे ५५ युनिट वीज होईल एवढी ऊर्जा असते. नव्या गाड्यांत तिचा काही भाग वीज होऊन वरच्या तारेत परत जातो. पण सगळीच्या सगळी उष्णतेत गेली असं धरलं तर ६०० लिटर पाण्याला उकळी फुटेल. ६०० लिटर म्हणजे सहा हजार कटिंग. गाडीतल्या प्रत्येकाला एक, वर हजार शिल्लक. आणि हे फक्त एका स्टेशनात. पुढचं स्टेशन दोन मिनिटांवर आहे.

आता पृथ्वीची ओढ बघा. विहिरीत दगड सोडा. पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दुसऱ्याअखेर १९.६. गावातली बहुतेक विहीर इथेच संपते, डुबुक. आपण ती संपू द्यायची नाही. विहीर धरा मुंबई-पुणे रेल्वेमार्गाएवढी खोल, १९२ किलोमीटर. हवा काढून टाका आणि ओढ तळापर्यंत तेवढीच धरा. दगड किती वेळात ‘पुण्याला’ पोचेल? ३ मिनिटं १८ सेकंदांत! डेक्कन क्वीनला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात, दगडाला सव्वातीन मिनिटं. पोचताना वेग ताशी सात हजार किलोमीटर.

मधे हवा आहे हे आपलं नशीब. दोन किलोमीटर उंचीवरून सुटलेला पावसाचा थेंब हवेविना ताशी ७०० किलोमीटरने डोक्यात बसला असता. हवेच्या घर्षणामुळे टपोरा थेंबही ताशी तिसेकाने येतो. नाहीतर छत्रीचं सोडाच, आषाढात कौलंसुद्धा उरली नसती.

चंद्रही पडतोच आहे. सेकंदाला किलोमीटरभर पुढे पळता पळता तो सरळ रेषेपासून १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे झुकतो. रुपयाच्या नाण्याची जाडी! एवढ्याशा झुकण्याने त्याची वाट गोल होते.

ही ओढ अचानक बंद पडली आणि चंद्र पोलादी तारेने बांधून ठेवायचा ठरला तर? साध्या पोलादाची एक चौरस मिलिमीटर जाडीची तार ४० किलो पेलते, शाळकरी पोर लोंबकळलं तरी तुटत नाही. चंद्राला किती जाड तार लागेल? हाताएवढी? झाडाएवढी? डोंगराएवढी? अहो, पाच लाख चौरस किलोमीटर! महाराष्ट्र पुरत नाही, शेजारचा गुजरातही जोडावा लागतो. दोन्ही राज्यं मिळून जेवढी, तेवढी त्या तारेची नुसती कापलेली कड. लांबी ३,८४,००० किलोमीटर. वजन केलं तर तार भरते चंद्राच्या वीसपट: पोहऱ्यापेक्षा दोर वीसपट जड! पोलाद किलोला ५० रुपयांनी घेतलं तर बिल येईल ७५ वर २४ शून्यं. जीएसटी वेगळा.

थांबू नका, सूर्य राहिलाय. त्याने पृथ्वीला धरून ठेवलंय १५ कोटी किलोमीटरवरून. इथे तारेची कड होते नऊ कोटी चौरस किलोमीटर. सत्तावीस भारत! एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावणेअकरा हजार किलोमीटर, आणि जिला बांधायचं ती पृथ्वी पावणेतेरा हजारांची. गाठ मारायला जागाच नाही. आणि तारेची लांबी? मुंबई ते पुणे महामार्गाने, दीडशे किलोमीटरच्या हिशेबाने, दहा लाख वेळा.