तार तुटली तर यंत्राने काय समजावे?

करमाडहून शेंद्रा एमआयडीसीत कामाला जाणारे काही जण इथे बसलेत, म्हणून आज उदाहरण पॅनेलमधलंच घेतो.

एनओ कॉन्टॅक्ट एरवी उघडा, एनसी एरवी जुळलेला. 'एरवी' म्हणजे बटन न दाबलेलं, रिलेच्या कॉइलला वीज नसलेली. यंत्र चालू असतानाची स्थिती नव्हे.

आता स्टॉपच्या बटनाला कोणता घ्यावा? एनओ घेतला, तर दाबल्यावर सर्किट जुळेल आणि यंत्र थांबेल. पण उंदराने तार कुरतडली असेल तर? तुम्ही दाबत राहाल, यंत्र चालूच! म्हणून स्टॉपला एनसी. बटन दाबा नाहीतर तार तुटो, वीज खंडित होते, रिले सुटतो, यंत्र थांबतं.

कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं. घागर दिसत नाही, म्हणून ती इथे नाही. पण अट अशी, की असती तर दिसलीच असती. एनओच्या स्टॉपमध्ये नेमकी ही अट मोडते. निरोप आला नाही, एवढ्यावरून कुणी बटन दाबलं नाही असं ठरत नाही.

तेव्हा कॉन्टॅक्ट निवडताना आधी विचारा: तार तुटली तर यंत्र काय समजेल? आणि त्या वेळी कुणाचा हात आत असेल?