अदृश्य गणिताचे मोल

हलकी अणुकेंद्रके जुळवून ऊर्जा मिळविणाऱ्या ‘ईटर’ प्रकल्पाच्या सुमारे ३० मीटर उंच पोलादी शीतकोशाचे भाग आपल्या सुरतेजवळ, हजिऱ्यास घडले, याचा मला अभिमान वाटतो. परंतु १५ कोटी अंशांचा प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कसा खवळेल, हे आधी समीकरणे व संगणकच सांगतात. शासकीय अनुदानावर १९८२ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमातून १९८६ मध्ये गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली. तिचे संस्थापक संचालक प्रेधिमान काव स्वतः सैद्धांतिक शास्त्रज्ञ होते. तेथेच १९८९ मध्ये ‘आदित्य’ टोकामॅक कार्यान्वित झाला. पोलाद डोळ्यांना दिसते, गणित दिसत नाही; म्हणून काटकसरीची कात्री प्रथम गणितावर चालण्याचे भय असते. सिद्धान्तास अनुदान अल्प असले तरी चालेल, ते अखंड मात्र असावे. कारण खंडित झालेली अभ्यासपरंपरा पैशाने पुन्हा विकत घेता येत नाही.