गिरणगाव ते मुसफ्फा : मंच कुणाचा?

अबू धाबीचं बेट ओलांडून मुख्य भूमीवर गेलं की मुसफ्फाचा औद्योगिक पट्टा लागतो. आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर, गॅरेजं, फॅब्रिकेशनच्या शेड, सुट्या भागांची दुकानं आणि कामगारांचे कॅम्प. एका खोलीत दुमजली खाटा, पाळीप्रमाणे झोप, महिनाअखेरीला गावी जाणारा पैसा. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या गाळ्यांबद्दल ऐकलेल्या मराठी माणसाला यात नवं काही वाटत नाही. फरक एवढाच, की त्या गाळ्यांतून साहित्य आणि नाटक उगवलं.

1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. वाटेगावहून मुंबईला आलेले अण्णा भाऊ स्वतः गिरणीत राबलेले होते. त्यांनी तमाशा घेतला, पण गणातला गणपती आणि गवळण बाजूला ठेवून कष्टकऱ्यांना आणि मायभूमीला वंदन केलं. सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा तोच ऐवज लोकनाट्य म्हणून पुढे चालला. मंच कम्युनिस्ट पक्षाचा होता आणि प्रचारही भरपूर होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण समोर बसलेल्याला आपलाच सावकार, आपलाच मुकादम दिसत होता. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांनी मैदानं भरवली आणि नोव्हेंबर 1956 पासून आचार्य अत्र्यांचं दैनिक ‘मराठा’ त्याच गर्दीच्या हातात पडू लागलं. त्या चळवळीचं श्रेय नुसत्या पुढाऱ्यांना देणारा इतिहास मला अपुरा वाटतो. 1962 मध्ये नारायण सुर्व्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा कवितासंग्रह आला. गिरणीत राबलेला, महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झालेला हा कवी. गिरणी कामगारांच्या घरातलं जयंत पवारांचं नाटक ‘अधांतर’ आलं 1997 मध्ये. तोवर 1982 चा गिरणी संप होऊन गेला होता, गिरण्यांचे भोंगे थांबले होते आणि ज्यांची ती गोष्ट होती त्यांतले कितीतरी तिकीट काढून नाटक बघण्याच्या स्थितीत उरले नव्हते.

अण्णा भाऊ 1949 मध्ये ‘इप्टा’ या डाव्या नाट्यसंघटनेचे अध्यक्ष झाले. त्याच डाव्या सांस्कृतिक चळवळीची केरळमधली फांदी म्हणजे ‘केपीएसी’ ही नाट्यसंस्था. तोप्पिल भासींचं ‘निंगलेन्ने कम्युनिस्टाक्की’ 1952 चं आणि पाचच वर्षांनी तिथे कम्युनिस्ट सरकार निवडून आलं. एका नाटकाने सरकार येत नाही, पण कुळांची आणि जमीनदारांची गोष्ट गावोगाव पोहोचली ती नाटकातून. ही फांदी मल्याळी माणसाने आखातात आणून लावली. अबू धाबीतल्या केरळ सोशल सेंटरमध्ये, 2009 मध्ये गेलेल्या नट मुरलींच्या नावाने नाट्यमहोत्सव होतो. मल्याळी समाजम् तर मुसफ्फातच आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात एस. ए. जमील यांनी आखातातल्या नवऱ्याला बायकोने लिहिलेलं पत्र गाण्यात बांधलं. ते ऐकून कित्येक जण सामान बांधून घरी परतले, असं सांगतात. सांगणं वाढीव असेल, पण असं काही सांगावंसं वाटलं, हेच त्या गाण्याचं वजन. 2008 मध्ये बेन्यामिन यांची ‘आडुजीवितम्’ ही कादंबरी आली आणि वाळवंटात शेळ्या राखायला अडकवलेला मजूर घराघरात पोहोचला.

कॅम्पांमध्ये दुसराही एक मंच आला. 2007 पासून ‘कॅम्प का चॅम्प’ ही गाण्याची स्पर्धा अमिरातीतल्या कामगारांसाठी होऊ लागली. प्रायोजक पैसे पाठवणारी कंपनी. गाणी हिंदी चित्रपटांची. 2013 मध्ये महमूद कबूर यांनी तिच्यावर माहितीपट केला, त्यात गाणाऱ्यांचे चेहरे खुललेले दिसतात आणि तो आनंद खोटा मुळीच नाही. पण मंच ज्याचा, विषयही त्याचाच. आपल्या मुकादमावर तिथे कोण गाणार?

मग आपलं काय? इथल्या मराठी मंडळांचा गणेशोत्सव दणक्यात होतो, मुंबई-पुण्याची नाटकंही बघितली जातात. हे कमी नाही, पण त्यात आपण प्रेक्षक असतो. मला यामागे एक जुनी फट दिसते. आखातात जाण्याची वाट रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांच्या केव्हाच अंगवळणी पडलेली. खेड-चिपळूणकडच्या गावांत त्या पैशाची घरं उभी आहेत. त्यांची बोली मराठी रंगभूमीला फारशी आपली वाटली नाही. त्या मातीतले हमीद दलवाई ‘इंधन’ ही कादंबरी लिहून गेले, त्यांच्यामागून रांग लागली नाही. मंडळात येणारा माणूस बहुधा इंजिनिअर, बँकेतला, हिशेबनीस. कॅम्पातला वेल्डर रत्नागिरीचा असो की सोलापूरचा, त्याला सुटी एकच, मुसफ्फाहून शहरात यायला दोन बस, आणि नाटक वर्षातून एकदा. मुळात नाटक बसवायचं तर तालमीला चार माणसं लागतात, आणि त्या चौघांच्या सुट्या एका दिवशी जुळाव्या लागतात. परळमध्ये दामोदर हॉल कामगाराच्या चाळीपासून पायी अंतरावर होता.