पेल्यातले माप

या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तत्त्वज्ञान, अर्थकारण, विज्ञान अशा विषयांच्या पंगतीत बिअरचा पेला कुठून आला, आणि तो मांडायला कामगार संघटनेचा कार्यकर्ता कशाला बोलावला, असा प्रश्न पडणे रास्त आहे. आम्ही पिण्याची भलामण करायला उभे राहिलेलो नाही. दारूने धुळीला मिळालेले संसार आम्ही पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर पुष्कळ पाहिले आहेत. मुंबई राज्यात 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला आणि 1950 च्या एप्रिलपासून संपूर्ण बंदी आली. पुढे ती सैल झाली, तरी पिणाऱ्याने परवाना बाळगावा ही अट कायद्यात आजही आहे. हे सारे खरे असूनही बिअर घरोघर येते. जी गोष्ट घरात येते तिच्याकडे पाठ फिरवल्याने ती जात नाही. तेव्हा ती कशातून प्यावी हा प्रश्न विचारला पाहिजे. वरवर तो शौकाचा दिसतो. आमच्या मते तो मापाचा आहे. आणि मापाचा प्रश्न कष्टकऱ्यांना नवा नाही.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कामगाराची पत्नी संघटनेच्या कचेरीत आली. म्हणाली, "भाऊ, हे रोज संध्याकाळी पितात, आणि विचारलं की म्हणतात, एकच ग्लास घेतो. एका ग्लासात माणूस असा होतो का?" दुसऱ्या दिवशी आम्ही नवऱ्याला बोलावले. त्याने आईची शपथ घेतली. "भाऊ, एकच. दुसरा कधी भरला नाही." आम्ही त्याला तो ग्लास घेऊन यायला सांगितले. कुणाच्या तरी लग्नात मिळालेला, जाड काचेचा, कानाचा मोठा मग होता तो. औषधाचे माप आणून आम्ही त्यात पाणी मोजून ओतले. साडेसहाशे मिलिलिटर पाणी आरामात मावले आणि वर फेसाला जागा उरली. म्हणजे दुकानात मिळणारी मोठी बाटली त्यात अख्खी रिती होत होती. नवरा खोटे बोलत नव्हता, बायकोही नाही. दोघांच्या मध्ये जो पेला होता त्याने दोघांनाही फसवले होते.

आता हिशेब करू. आपल्याकडील अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे साध्या बिअरमध्ये मद्यार्क शेकडा 5 पर्यंत असतो; त्यापुढे 8 पर्यंत असेल तर ती 'स्ट्राँग'. आमचा हा मित्र स्ट्राँग घेत असे. 650 मिलिलिटरचे शेकडा 8 म्हणजे 52 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. ब्रिटनमध्ये 10 मिलिलिटर शुद्ध मद्यार्काला एक 'युनिट' मानतात. म्हणजे त्याच्या 'एकच ग्लासा'त पाच युनिटांहून अधिक भरले. उलट 200 मिलिलिटरच्या लहान पेल्यात शेकडा 5 ची साधी बिअर घेतली, तर मद्यार्क बरोबर 10 मिलिलिटर होतो. दोघेही ग्लासच, पण एकात दुसऱ्याच्या पाचपट. 'एक ग्लास' हे शब्द ऐकून काहीच कळत नाही, हे यावरून ध्यानात यावे. जागतिक आरोग्य संघटनेने तर 2023 साली सांगून टाकले की मद्याचे निर्धोक असे कोणतेच प्रमाण नाही. ते मान्य करूनच पुढचे बोलणे आहे. जो घेणारच आहे त्याला आपण किती घेतो एवढे तरी कळले पाहिजे.

युरोपात बिअर ही पिढ्यान्‌पिढ्या गरिबाच्या जेवणातली वस्तू होती. त्यामुळे तिच्या मापाबद्दल लोक फार जागरूक राहिले. इंग्लंडच्या राजाकडून सरदारांनी 1215 साली जी मोठी सनद लिहून घेतली, तिच्यात साऱ्या राज्यात धान्याचे, वाइनचे आणि बिअरचे माप एकच असावे असे कलम आहे. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे कायदा झाला की, बिअर विकण्याच्या भांड्यावर तपासणीची खूण म्हणून राजमुकुटाचा ठसा हवा. 1824 च्या कायद्याने ठरलेला पाइंट आजच्या हिशेबात 568 मिलिलिटरांचा, आणि तोच तिथे अजून चालतो.

जर्मनीत याच्याही पुढची पायरी गाठली. 1881 च्या कायद्याने गुत्त्यातील पेल्यांवर मापाची रेघ आणि आकडा घालणे आले. ही रेघ काठाच्या खाली असते. पेयाने रेघ गाठली पाहिजे. फेस तिच्या वर. फेसाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नाहीत, हा त्यातला न्याय. म्यूनिक शहराच्या जत्रेत बिअर एक लिटरच्या मगातून देतात, आणि तो मग पूर्ण भरत नाहीत ही तिथली जुनी तक्रार. तेव्हा 'फसव्या ओतण्याविरुद्धचा संघ' अशा नावाची संस्थाच लोकांनी 1899 मध्ये काढली, आणि त्याच कामासाठी 1970 मध्ये ती नव्याने उभी राहिली. हे वाचून आम्हांला हसू आले नाही. तळाला पोचा आलेले दुधाचे माप आणि रेशनच्या दुकानातला हलका काटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या संघाचे मोल समजेल. मापात मारणे म्हणजे मजुरीला हात न लावता मजुरी कापणे. आपल्याकडे 1956 च्या कायद्याने शेर, पायली, मापटे, चिपटे जाऊन लिटर आणि किलो आले, त्यामागेही अनेक कारणांपैकी हे एक कारण होतेच.

दुकानदाराच्या फसवणुकीवर कायदा आहे. स्वतःच्या घरात स्वतः ओतून घेणाऱ्याला फसवणारा कोण? त्याचा डोळा. आणि डोळ्याला साथ देतो पेल्याचा आकार.

खाली निमुळता आणि वर रुंद असा पेला घ्या. समजा, तोंड 8 सेंटिमीटर आणि तळ 5 सेंटिमीटर. तो उंचीने निम्मा झाला की आपण म्हणतो, अर्धा राहिला. शाळेतल्या भूमितीने मोजा: खालच्या अर्ध्या उंचीत शंभरातले केवळ 39 भाग मावतात, वरच्या अर्ध्यात 61. म्हणजे 'अर्धा राहिला' म्हणेपर्यंत 61 भाग पोटात गेलेले असतात. ज्यांना भूमितीवर भरवसा नसेल त्यांनी पाण्याने पडताळा घ्यावा. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी 2012 साली हेच माणसांवर तपासले. सरळ उभ्या पेल्यातून बिअर संपवायला लोकांना बाकदार पेल्यापेक्षा शेकडा 60 अधिक वेळ लागला. बाकदार पेल्यात अर्धे माप कुठे येते याचा लोकांचा अंदाज चुकतो, आणि त्यामुळे पिण्याची गती वाढत असावी, असे त्यांनी सुचवले. तात्पर्य, घरासाठी पेला निवडताना पहिला नियम हा: पेला लहान असावा, सरळ उभा असावा आणि पारदर्शक असावा.

असा पेला आम्ही आमच्या कल्पनेतून काढलेला नाही. जर्मनीतील कोलोन शहरात तिथली बिअर याच तऱ्हेच्या पेल्यातून पितात. नळीसारखा सरळ, पातळ काचेचा, बहुधा 200 मिलिलिटरचा. वाढपी प्रत्येक पेल्यामागे गिऱ्हाइकापुढच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीची एक रेघ ओढतो. चकती पेल्यावर ठेवली की पुरे झाले असे समजायचे. नाहीतर पुढचा पेला येतच राहतो. लहान पेला असूनही तिथले लोक भरपूर पितात हे खरे, पण किती प्यालो हे डोळ्यांपुढे लिहिलेले असते.

आता कोणी म्हणेल, मग स्टीलचा पेला काय वाईट? घरात आहेच, आणि फुटतही नाही. स्टील पेयाला बाधत नाही हे कबूल. पण त्यात किती ओतले आणि किती उरले हे बाजूने दिसत नाही. आमचे निरीक्षण असे की, पुष्कळ घरांत स्टीलचा पेला निवडण्यामागे सोयीपेक्षा संकोच अधिक असतो. मुलांना आणि शेजाऱ्यांना ताक वाटावे म्हणून तो निवडला जातो. जी गोष्ट लपवून करावी लागते तिचे माप राहत नाही. बाटलीला तोंड लावून पिणाऱ्याचेही तेच. गडद रंगाच्या बाटलीतले पेय नीट दिसत नाही, फेस धरत नाही आणि वास नाकापर्यंत पोचत नाही. बाटलीचा रंग मात्र फुकटचा नाही. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप या फुलांतील द्रव्यांवर ऊन पडले की थोड्याच वेळात उग्र दुर्गंधी येते, आणि तपकिरी काच त्या किरणांना अडवते. म्हणून पेल्यात ओतलेली बिअर गच्चीवरच्या उन्हात ठेवू नये.

फेसाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. फेस म्हणजे तोटा, असे समजून लोक पेला तिरपा धरून एकही बुडबुडा येऊ देत नाहीत. बार्लीतील प्रथिने आणि हॉपमधील कडू द्रव्ये मिळून तो फेस टिकवतात, आणि पेयाचा वास त्यात धरला जातो. तेव्हा पेला आधी तिरपा धरून निम्मा भरावा, मग सरळ करून मध्ये ओतावे, आणि दोन बोटे फेस येऊ द्यावा. या फेसासाठी रेघेवर जागा हवी. म्हणून 200 मिलिलिटर मापासाठी 250 किंवा थोडा अधिक मावणारा पेला घ्यावा.

इतर आकारांचा शौक ज्यांना असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. गव्हाच्या बिअरला फेस फार, म्हणून तिचा पेला उंच आणि वर फुगीर असतो. बेल्जियमच्या जड बिअरला वास फार, म्हणून तिचा पेला पोटाशी रुंद, तोंडाशी आवळलेला. इंग्रजी पाइंटच्या काठाखाली जो फुगवटा असतो तो हातातून निसटू नये आणि एकात एक रचलेले पेले अडकू नयेत म्हणून. कानाच्या मगाचा गुण एवढाच की हाताची ऊब पेयाला लागत नाही. लहान पेल्यात पेय तापण्याआधी संपते, त्यामुळे कानाची गरज उरत नाही. पेला बर्फाच्या कप्प्यात गोठवू मात्र नये. काचेवरचा बर्फ वितळून बिअर पातळ होते आणि अति थंडीने चव कळत नाही.

आकारापेक्षाही एक गोष्ट मोठी, ती स्वच्छता. तेलातुपाचा अंश फेसाचा वैरी. भज्यांचा ओशट हात लागलेल्या पेल्यात उत्तम बिअरही मरगळते. पेला वेगळ्या घासणीने धुवावा, साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळावा, आणि फडक्याने न पुसता जाळीवर पालथा घालावा. परीक्षा सोपी आहे. ओल्या पेल्यात आतून मीठ भुरभुरावे. जिथे मीठ चिकटत नाही तिथे ओशटपणा उरला आहे असे समजावे.

काचेची जात पाहायला विसरू नये. तापलेला पेला भट्टीतून काढून झटपट थंड केला तर त्याच्या अंगात ताण राहतो आणि पुढे कधीतरी तो आपोआप तडकतो. म्हणून कारखान्यात तो सावकाश निववतात. हे काम धगीपुढे उभे राहून माणसेच करतात. पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, 1916 साली ओगल्यांचा निघाला; कंदिलाच्या काचेला ज्या महाराष्ट्राने इतका जीव लावला त्याला हे सांगायला नको. विकत घेताना पेला उजेडात धरावा. काठावर टवका किंवा अंगात केसाएवढी भेग दिसली तर तो टाकून द्यावा.

शेवटी रेघ. बाजारातील पेल्यावर ती बहुधा नसते, म्हणून स्वतः घालावी. औषधाच्या मापाने 200 मिलिलिटर पाणी ओतावे, पाणी जिथे येईल तिथे बाहेरून रंगाची बारीक रेघ ओढावी. पाच मिनिटांचे काम. ही रेघ घरातल्या सर्वांना दिसेल अशी असावी.

त्या कामगाराला आम्ही कचेरीतच असा पेला करून दिला. सरळ उभा, साधा, लाल रेघेचा. मोठा मग त्याने परत नेला नाही. तो अजून आमच्या टेबलावर आहे आणि त्यात पेन्सिली असतात. काही महिन्यांनी त्याची पत्नी भेटली तेव्हा आम्ही विचारले. ती म्हणाली, "भाऊ, सुटली नाही. पण आता दोन म्हणतात तेव्हा दोनच असतात. मी मोजते, आणि तेही मोजतात." आम्हांला याहून मोठा विजय सांगता येत नाही. संप जिंकल्याच्या पुष्कळ सभा आम्ही केल्या. या पेल्याची सभा झाली नाही, म्हणून ती हकीकत इथे सांगितली.