अवघड जागेचे दुखणे

'अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. आज तिच्यातले दुखणेच बोलण्यासाठी घेतले आहे. मी काही वैद्य नव्हे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, आणि बुरशी हा माझ्या वर्गातला विषय. पुरुषांच्या जांघेत नि जननेंद्रियाच्या आसपास चट्टे उठतात, महिनोन् महिने खाज सुटत नाही, त्याच्या मुळाशी पुष्कळदा ही बुरशीच असते.

आपल्या जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावकडची माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पहाटेपासून फडात काम, घामाने भिजलेला कपडा अंगावरच वाळतो, पाणी बेताचे, आणि कोपीत सगळ्यांना मिळून टॉवेल एक. बुरशीला आणखी काय हवे? ऊब आणि ओल मिळाली की जांघेच्या घडीत चट्टा धरतो. त्याची कड उंचावलेली, खवल्यांची. मधली कातडी निवळल्यासारखी दिसते आणि कड पुढे सरकत राहते. यालाच आपण नायटा किंवा गजकर्ण म्हणतो.

रोग जुनाच आहे. मग हल्ली तो हटत का नाही? त्याचे एक मोठे कारण दुकानातल्या ट्यूबमध्ये आहे. डॉक्टरांपुढे जायची लाज वाटते, म्हणून माणूस दुकानात जाऊन हळूच म्हणतो, "खाजेचं काहीतरी द्या." मिळते त्या मलमात बुरशीवरचे औषध असते, जंतूंवरचे असते, आणि जोडीला स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. गडी खूश! परंतु ती लाली म्हणजे शरीराने बुरशीशी मांडलेली झुंज असते. स्टेरॉइड ही झुंज थोपवते आणि बुरशीला रान मोकळे होते. मलम थांबवले की चट्टा दुप्पट होऊन परत येतो, त्याची कडही पुसट होते, आणि मग डॉक्टरांनाही तो ओळखणे कठीण जाते. खोटे कशाला सांगू, बुरशी शिकवणाऱ्या मीही अशी ट्यूब चार महिने लावली होती. नुसत्या लाजेपायी.

त्यातून ही कातडी फार नाजूक. १९६७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात हाताच्या कातडीपेक्षा अंडकोशाच्या कातडीत हायड्रोकॉर्टिसोन ४२ पट शोषले गेल्याचे आढळले. कातडी पातळ होते, जांघेत पडलेले वळ जन्मभर राहतात. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. गुरुजींना एक विनंती आहे: गावात कोणी ट्यूब आणली तर तिच्यावरची बारीक अक्षरे वाचून द्या. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, ही नावे स्टेरॉइडची.

दुसरे कारण बुरशीचेच. २०२० साली जपानी संशोधकांनी तिथल्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या कातडीतून एक बुरशी वेगळी काढली आणि तिला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिले. नावात आपला देश आला, याचा अभिमान बाळगण्यासारखे काही नाही! टर्बिनाफीन हे नेहमीचे औषध तिला अनेकदा लागू पडत नाही. मग इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घ्याव्या लागतात. यकृताचे किंवा हृदयाचे दुखणे असेल, दुसरी औषधे चालू असतील, तर त्या गोळ्या अपाय करू शकतात. तेव्हा शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून त्या आणू नका. त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्याची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मलम दिले तर ते चट्ट्याच्या कडेबाहेरही बोटभर लावावे, आणि डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तोवर सोडू नये.

घरात आणखी कोणाला खाज असेल तर त्यांनाही त्याच वेळी औषध हवे, नाहीतर पाळीपाळीने एकमेकांना देणे चालूच राहते. टॉवेल वेगळा, चड्डी सुती नि सैल, धुतल्यावर उलटी करून कडक उन्हात वाळवलेली. आंघोळीनंतर जांघ आधी कोरडी करा, मग कपडे घाला.

प्रत्येक खाज नायट्याची नसते, बरं का. रात्री जास्त खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे, लिंगावर गाठी आहेत, तर ती खरूज असू शकते. लिंगाच्या टोकावर पुन्हा पुन्हा लाली येत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. आणि जखम झाली असेल, पू येत असेल, तर नवराबायको दोघांनीही दवाखाना गाठावा. सरकारी रुग्णालयातील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये याच आजारांची तपासणी मोफत होते, आणि ती बंद दाराआड होते.